तिरकं ठेवलेलं पान

"सांगतो कोण, बघितलं कोणी?"

भाऊंचं हे वाक्य तळेगावात निम्म्या लोकांना पाठ होतं. चहावाला म्हणाला, दूध ताजं आहे, की भाऊ विचारणार, सांगतो कोण, बघितलं कोणी? लोकल लेट आहे असं कोणी म्हणालं तर फलाटावर जाऊन स्वतः बघून येणार. एकदा आमच्या वाचनालयाच्या शिपायाच्या मुलीचं लग्न जमत होतं. मध्यस्थ सांगत होता, मुलगा अगदी निर्व्यसनी. भाऊ पोह्यांची बशी खाली ठेवून हेच बोलले. मुलाचा मामा लाल झाला. ते लग्न मोडलं, आणि शिपायाची बायको पुढे वर्षभर भाऊंना दिवाळीचा फराळ पाठवत होती, म्हणजे काय ते समजा.

भाऊ तळेगावजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं. इतर माणसं खिशाला पेन लावतात, भाऊ व्हर्नियर लावायचे, केसाएवढा फरक मोजणारी ती पोलादी मापपट्टी. निवृत्त झाल्यावर एक दिवस ते वाचनालयात आले आणि कार्यवाहांना म्हणाले, "मला पगार नको. एक टेबल द्या आणि कपाटातली जुनी कागदपत्रं द्या." तेव्हा आमच्याकडे नुकताच स्कॅनर आला होता. तालुक्यातल्या घराघरांत पडलेल्या वह्या, पत्रं, छोटी पुस्तकं गोळा करून कॉम्प्युटरवर घ्यायची अशी योजना होती. स्कॅन करायला मी. वय सव्वीस, एम.ए., कंत्राटी, आणि तोंड भरपूर.

भाऊ मला 'ताई' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. मुलीच्या वयाची होते मी त्यांच्या. मी म्हटलं, अहो, नावानं हाक मारा. तर म्हणाले, "कामावर ताईच."

त्यांनी आल्या आल्या माझं जगणं हराम केलं. मला वाटायचं, वही ठेवायची, बटण दाबायचं, झालं. भाऊंनी एक इंग्रजी नियमावली कुठून तरी छापून आणली होती. डिजिटल संग्रहावर लोकांनी विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर काय काय करायचं, ते त्यात होतं. शब्दकोश घेऊन त्यांनी ती सगळी मराठीत उतरवली होती, दोनशे पानी वहीत, शाईनं. मग त्यातलं एकेक कलम माझ्या बोकांडी. प्रत्येक फाइलीला 'दाखला' हवा. वही कोणाची, कोणी आणून दिली, कोणत्या दिवशी, किती पानं, स्कॅन कोणी केली, तपासली कोणी. वही आली की आधी पानं मोजायची, आणि शेवटी फाइली मोजून आकडा जुळवायचा. मग दर दहावं पान भाऊ स्वतः मूळ वहीशी ताडून बघणार.

आणि मग नाडी. हा भाऊंचाच शब्द. कॉम्प्युटर अख्खी फाइल वाचून तिच्यावरून अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढतो. फाइलीत एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. पहिल्या दिवशी ती ओळ लिहून ठेवायची आणि नंतर दर महिन्याला पुन्हा काढून ताडायची. जुळली तर भाऊ म्हणणार, "ठणठणीत!" आणि टेबलावर दोन बोटं वाजवणार. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "भाऊ, मग आता कुणाच्या बापाची चिंता नाही." ते हसले नाहीत. म्हणाले, "नाडीवरून एवढंच कळतं ताई, की माणूस काल होता तोच आहे. तो खरं बोलतो का, ते नाडीत कळत नाही." मी तेव्हा मोबाइल बघत होते.

सगळ्याच्या तीन प्रती असायच्या. एक वाचनालयात, एक लोणावळ्यात त्यांच्या भाच्याकडे आणि एक भाजे गावात एका मावशींकडे, स्टीलच्या कपाटात, लुगड्यांखाली. कार्यवाह म्हणाले, तिन्ही इथेच ठेवा की, कशाला ही वणवण? भाऊ म्हणाले, "इथे आग लागली तर तिन्ही एकदमच जातील. मग तीन कशाला म्हणायचं?" दर पौर्णिमेला ते सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरून भाज्याला चालत जायचे. भाजे त्यांचं गाव. पौर्णिमेला विहारात वंदनेला सगळे जमतात, तेव्हा गाठीभेटीही व्हायच्या आणि नाडीही. हार्ड डिस्क चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात न्यायचे. एकदा समोरच्या बाईचं पोर त्या खोक्यासाठी रडून रडून हैराण झालं. भाऊंनी खोकं उघडून त्याला डिस्क दाखवली, तर ते आणखीच भोकाड पसरून रडलं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या पिशवीत दोन खोकी. एकावर लिहिलेलं 'खायची', दुसऱ्यावर 'न खायची'.

हसून हसून माझी मुरकुंडी वळली होती. सांगायला बरं वाटतं हे सगळं. पण मला जे सांगायचंय ते हे नाही, मी नुसती टाळतेय.

भाऊंकडे एक चुकांची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात रकाने आखलेले: तारीख, काय चुकलं, कोणाकडून, सांगतो कोण, बघितलं कोणी. चूक सापडली की नावानिशी लिहायची. खोडायचं नाही. काही वाढवायचं असेल तर खाली लिहायचं. पहिली नोंद त्यांचीच होती, 'चष्मा न लावता तपासले.' माझं नाव तिच्यात सात वेळा होतं. 'स्कॅनमध्ये बोट आले.' 'पान उलटे.' असली कामं. पण मला भयंकर राग यायचा. मी एकदा तोंडावर म्हणाले, "भाऊ, मी काय तिसरीत आहे का, वहीत नाव लिहायला?" ते म्हणाले, "ताई, ज्या संग्रहाची चुकांची वही कोरी असते, त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही." मी मनात म्हटलं, तुमचा विश्वास घाला चुलीत, माझं नाव आठव्यांदा येता कामा नये.

भाज्याच्या विहाराची एक वही आमच्याकडे आली, तेव्हाची ही गोष्ट. भाऊंनीच आणली होती. ते ती दोन्ही हातांनी धरून आले. गावानं छप्पन साली धम्म स्वीकारला, त्यानंतरच्या काही वर्षांतली वही. सभेला कोण आलं, कोण काय बोललं, अक्षरं शिकायच्या वर्गाला कोणकोण बसलं. वर्गात जी माणसं लिहायला शिकली त्यांनी शेवटी आपापलं नाव आपल्या हातानं लिहिलेलं. वाकडीतिकडी, एवढाली मोठी अक्षरं. भाऊ म्हणाले, "आमच्याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं. हे एवढंच आमच्या माणसांनी लिहिलंय. जपून करा ताई."

आलेल्या वहीच्या कागदांच्या कडा मोजून पानं धरली, शहाण्णव. मी स्कॅन करायला बसले. शुक्रवार होता. कॉलेजच्या माझ्या मैत्रिणी पुण्याहून गाडी घेऊन आल्या होत्या. लोणावळ्याला जायचं, कणीस खायचं, फोटो काढायचे, बस्स. फोनवर फोन. "अगं ये ना, सरकारी नोकरी आहे का तुझी?" एक्केचाळिसावं पान झालं आणि तो कागद पुढच्या कागदाला चिकटलेला निघाला. डिंक सांडला असेल कधीतरी, दमट हवेनं घट्ट बसलं होतं. अशा वेळी काय करायचं ते नियमात होतं. काम थांबवायचं, भाऊंसाठी चिठ्ठी ठेवायची. ते बांबूची पातळ काडी घेऊन तासभर बसायचे आणि पानं अलगद सोडवायचे.

भाऊ त्या दिवशी कार्यवाहांबरोबर बाहेर गेले होते. थांबले असते तर वही सोमवारपर्यंत लांबली असती, आणि मी कार्यवाहांना शुक्रवारी वही पूर्ण करते असं छाती ठोकून सांगितलं होतं. चिकटलेली आतली दोन पानं, बेचाळीस आणि त्रेचाळीस, सोडली तर फाइली चौऱ्याण्णवच भरणार होत्या. आकडा जुळणार नव्हता.

मग मी काय केलं, ते नीट सांगते. मी चाळिसावं आणि एक्केचाळिसावं पान पुन्हा स्कॅन केलं आणि बेचाळीस, त्रेचाळीस म्हणून ठेवून दिलं. फाइलींची नुसती कॉपी केली असती तर दोन्हींची नाडी एकच आली असती आणि भाऊंनी दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतं. हे मला माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून मी पान जरासं तिरकं ठेवून नव्यानं स्कॅन केलं. नाडी वेगळी आली. शिवाय भाऊ चाळिसावं आणि पन्नासावं पान तपासणार, बेचाळिसावं नाही, हेही मी हिशेबात धरलं होतं. चूक झाली म्हणते मी अजून कधी कधी, पण ही चूक नव्हे. चुकून कोणी पान तिरकं ठेवत नाही.

चार वाजता मी लोणावळ्यात कणीस खात होते.

सोमवारी भाऊंनी दर दहावं पान ताडलं. "सगळं नीट ना ताई?" मी म्हणाले, "एकदम." त्यांनी दोन बोटं टेबलावर वाजवली. वही गावाला परत गेली. मी स्वतःला सांगितलं, मूळ वही आहे ना, कधीतरी नीट करू. मग मी तेही विसरले.

पुढच्या वर्षी विहाराचं छप्पर नवीन करायला काढलं. सामान एका घराच्या पडवीत रचून ठेवलं होतं. पत्र्याच्या पेटीला खालून भोक पडलं होतं, त्यातून वाळवी शिरली. पेटी उघडली तेव्हा वहीच्या जागी माती निघाली. गावातली माणसं हळहळली. भाऊ मात्र ताठ. म्हणाले, "खाऊ दे वाळवीला. तीन ठिकाणी ठणठणीत आहे. पुढच्या पौर्णिमेला सगळ्यांना दाखवतो." आणि मला म्हणाले, "ताई, तुम्हीही चला. काम तुमचं आहे."

मी का गेले? आठवतच नव्हतं मला. खरंच सांगते, माझ्या डोक्यात ते पान नव्हतंच. नवी साडी नेसून गेले.

सकाळची वंदना झाली. विहारात पन्नास-साठ माणसं, पुढे बायका, त्यांच्या मध्ये त्या मावशी, ज्यांच्या कपाटात तिसरी प्रत होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, कपाळ रिकामं, पांढरं लुगडं. शेजारी बारावीतली नात. भाऊंनी भिंतीवर चित्र पडेल अशी सोय केली होती. सुरुवातीलाच म्हणाले, "हे काम या ताईंनी केलंय. टाळ्या वाजवा." सगळ्यांनी वाजवल्या. मी हात जोडले.

मावशी नातीला सांगत होत्या, "माज्या आयचं नाव हाय बघ त्यात. तिनं सोताच्या हातानं लिवलेलं. म्या शेजारी बसलेली. आट वर्साची असंन. आता यील बघ." आईचा फोटो नव्हता घरात. कुठेच काही नव्हतं तिचं, एवढी एक ओळ सोडून.

एकेक पान भिंतीवर येत होतं. माणसं नावं ओळखत होती, हसत होती. चाळीस. एक्केचाळीस. आणि एकदम मला ते तिरकं पान आठवलं. मग बेचाळीस. भाऊ थांबले. मागे गेले, पुढे गेले. चष्मा काढून पुसला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चव्वेचाळिसावर वर्गातली नावं अर्धी संपलेली होती. मावशी म्हणाल्या, "ऱ्हायलं का काय? आय ऱ्हायली बगा मागं." भाऊंनी शहाण्णवाव्या पानापर्यंत जाऊन बघितलं. मग ते उभे राहिले.

"मावशी, ते पान नाही. चूक माझी आहे. तपासणी माझी होती."

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? तोंडाळ म्हणून मी सगळ्या वाचनालयात प्रसिद्ध. त्या दिवशी मी नव्या साडीच्या निऱ्या सारख्या करत बसले. मावशी भिंतीकडेच बघत राहिल्या. नात म्हणाली, "आज्जी, चल." येताना लोकलमध्ये भाऊंनी 'खायची' लिहिलेलं खोकं उघडून माझ्यापुढे धरलं. मी एक तुकडा घेतला. खाल्लासुद्धा. त्याची लाज मला टाळ्यांपेक्षा जास्त वाटते.

त्यांनी मला कधीही काही विचारलं नाही. मी वाट बघायचे, आज विचारतील, उद्या विचारतील. त्यांच्यावर चिडायचेही, का विचारत नाही हा माणूस! पुढे दीड वर्ष ते येत राहिले, दर पौर्णिमेला भाज्यालाही जात राहिले. फक्त दर दहाव्याऐवजी प्रत्येक पान ताडायला लागले. डोळे गेले त्यात. मग गुडघे. गेल्या वर्षी भाऊ वारले.

त्यांचं टेबल आवरायचं काम माझ्याकडेच आलं. लाल वही मी महिनाभर उघडली नाही. मग एका दुपारी उघडली.

'भाजे विहार वही. पाने ४२, ४३ नाहीत. त्या जागी ४०, ४१ दुसऱ्यांदा. फाइलींची वेळ: अर्ध्या तासाच्या अंतराने. पान किंचित तिरके. मूळ वही नष्ट.' 'कोणाकडून' या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. 'सांगतो कोण', त्यांचं. 'बघितलं कोणी', तिथे लिहिलं होतं, 'सगळ्या गावाने.' त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'खालची ओळ मोकळी ठेवावी.' आणि ती मोकळी होती. पुढच्या नोंदी तिच्या खालून सुरू केल्या होत्या.

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. तिरकं का, तेही. ते खोकं त्यांनी हे माहीत असताना पुढे केलं होतं की नंतर कळलं, ते मला आता कधीच कळणार नाही.

मी ती ओळ वाचनालयात बसून लिहू शकले असते. दोनदा पेनाचं टोपण काढलं. मग या माघी पौर्णिमेला वही पिशवीत घातली, 'न खायची' खोकं घेतलं आणि मळवलीला उतरले.

मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी बघितलं.

"कोन गं? आमी टाळ्या वाजीवल्या त्या बाई न्हवं का तू?"

मी म्हणाले, "हो." आणि तिथेच खाली बसून सगळं सांगितलं. चिकटलेली पानं, मैत्रिणी, तिरकं पान. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"कशापायी म्हनलीस?"

"लोणावळ्याला जायचं होतं. कणीस खायला."

त्यांचा हात थांबला. "कनसापायी?"

"हो, मावशी."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "भाऊ आलता दुसऱ्या दिशी. एवडा मोटा मानूस, माज्या पायाशी वाकाया लागला. म्या म्हनलं, भाऊ, ही चुकी तुमची दिसत न्हाई. तवा म्हनला, ज्याची हाय त्यो यील, मावशी. म्या दर पुनवंला इचारायची, आलं का कोन? त्यो म्हनायचा, यील." त्यांनी सूप बाजूला सारलं. "लय उशीर केलास गं बाई. त्याच्यादेखत याया पायजे व्हतं."

मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला काय अधिकार? मी वही काढली. ती ओळ त्यांना दाखवली आणि त्यांच्यासमोर लिहिली. काय केलं, का केलं, माझं पूर्ण नाव.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता हितंच माज्या आयचं नाव लिव."

मी घुटमळले. इतकी वर्षं कानावर आदळलेलं सुटतं का? म्हणाले, "मावशी, ते पान कुणाकडेच नाही. मीसुद्धा बघितलेलं नाही. नोंद करायची तर सांगतो कोण, बघितलं कोणी, हे लिहावं लागतं."

"मंग लिव की. म्या सांगते. आन म्याच बगितलंय."

दोन्ही रकान्यांत त्यांनी सही केली. नाव मी लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं, ठकूबाई. मावशींनी वही जवळ ओढून घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ठ तिनं मोटा काडला व्हता. असा न्हाई."

ते पान मी तिथेच फोननं टिपून घेतलं, सरळ धरून, आणि घरी आल्यावर त्याची नाडी काढून तिन्ही ठिकाणी पाठवलं. आता दर पौर्णिमेला मीच ताडते. ठकूबाईंचं नाव जगात एवढ्या एकाच जागी आहे, चुकांच्या वहीत, माझ्या अक्षरात आणि माझ्या नावाखाली.